बाहेरची कडी

कृष्णा श्रावणात पिंपळबेट गावात शिरली, तीन दिवस राहिली आणि आली तशी निघून गेली. मारुतीच्या देवळावर दाटीवाटीनं बसलेली माणसं खाली उतरली, तेव्हा गावातली निम्मी घरं बसली होती आणि उरलेली निम्मी बसू की नको असा विचार करत होती. गल्लीत मांडीएवढा गाळ. बाभळीच्या शेंड्याला कुणाचं तरी धोतर लटकलेलं. लढाईचं पाचवं वर्ष होतं, कापड मोजून मिळत होतं, त्यामुळं ते धोतर आपलंच असल्याचं चौघांनी शपथेवर सांगितलं.

माणूस एकच गेलं. जोतिबा रंगाऱ्याची बायको, बनुबाई.

जोतिबाचे ठसे मात्र वाचले.

ही दोन वाक्यं एकाच माणसानं सलग बोलायची नाहीत, असा दंडक गावात आपोआप पडला होता. पहिला म्हणायचा, "रंगाऱ्याची बनू गेली गड्या." मग थोडा वेळ तंबाखू मळली जायची. मग दुसरा म्हणायचा, "ठसं वाचलं म्हणं समदं." आणि दोघंही नदीकडं बघत पिंक टाकायचे.

ठसे देवळाच्या ओवरीत मांडले होते. जाजमांवर आणि पासोड्यांवर उठवायचे लाकडी ठसे. कोयऱ्या, वेलबुट्ट्या, कमळं, हत्ती. जोतिबाच्या आज्यापासूनचे, दीडशेवर. ओला ठसा उन्हात तडकतो, म्हणून सावली सरकेल तसा जोतिबा एकेक ठसा उचलून सावलीत सरकवायचा. पन्नाशीचा माणूस दिवसभर हत्ती उचलून सावलीला नेत बसलेला. येणारीजाणारी माणसं मारुतीला हात जोडायची, हत्तींकडं बघायची आणि जोतिबाकडं न बघता जायची.

त्या दिवशी पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागल्यावर त्यानं ठशांची पहिली पेटी डोक्यावरून देवळात नेली. परत येऊन दुसरी उचलली. बनुबाई चुलीपाशी भांडी गोळा करत होती.

"तवर तेवढी बांध," तो म्हणाला. "एवढी ठिवून आलोच."

"या," ती म्हणाली.

तो परत फिरला तेव्हा गल्लीतून धार लागली होती. तो धारेत छातीएवढा गेला, वाहून चालला, चौघांनी धरून वर ओढला. मग साऱ्या गावानं देवळावरून बघितलं. रंगाऱ्याच्या घरावरची चार कौलं हलली, बाजूला झाली आणि त्यातून बनुबाई वर आली. पदर खोचून आढ्यावर बसली. तव्यावर एक भाकरी व्हावी एवढा वेळ बसली. मग आढं गेलं.

दारातनं का नाही बाहेर पडली, हा प्रश्न गावाला पडला आणि गावानंच सोडवला. बायकांचा भांड्यात जीव. आवरता आवरता पाणी आलं, मग दार उघडेना. जोतिबालाही ते पटलं. पाणी उतरल्यावर तो तापातून उठून घराकडं गेला, तेव्हा भिंती पडलेल्या आणि चौकट तेवढी दारासकट उभी होती. दाराची कडी बाहेरच्या अंगाला सुटी लोंबत होती. ती त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितली.

डोळ्यांचं ठीक होतं. हाताला मात्र वेगळंच आठवत होतं.

रंगाऱ्याच्या घराची एक रीत असते. ठसे उठवलेलं ओलं जाजम घरात पसरलं की जाताना दाराला बाहेरून कडी घालायची, आत माणूस असो नसो. नाहीतर कोंबडी शिरते, ओल्या रंगातनं चालते आणि चार दिवसांच्या कामावर तीन बोटांची नक्षी काढून जाते. बापानं ही रीत जोतिबाला पाठीवर वळ उठवून शिकवली होती. दिवसातून चारदा तो बनुबाईला आत कोंडायचा. काम पडलं की ती आतून थाप मारायची, "रंगारी, कडी काढा." आणि तो काढायचा. अठ्ठावीस वर्षं हा संसार असा चालला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशीही घरात ओलं जाजम होतं.

*

पूर ओसरून महिना झाला आणि इस्लामपुराहून नानासो मास्तर आले. ते शाळेत ड्रॉइंग शिकवत. मुंबईच्या परीक्षेची दोन सर्टिफिकिटं त्यांच्यापाशी होती आणि ती दाखवायला त्यांना अजून योग्य माणूस भेटला नव्हता. सायकल खांद्यावर घेऊन गाळातनं आले. सायकलीनं त्यांना आणायचं, तर त्यांनीच तिला आणलं.

लालासाहेब पाटील पूरग्रस्त फंडाचे अध्यक्ष होते. चावडीत मास्तरांनी त्यांच्यापुढं कल्पना मांडली. महापुराचं एक चित्र काढायचं, लाकडावर कोरायचं, कागदावर छापायचं आणि इस्लामपूर, सांगली, पार साताऱ्यापर्यंत फंडासाठी विकायचं. कलावंत गावातच होते.

"कोण?" लालासाहेबांनी विचारलं. गावात कलावंत आहेत ही बातमी त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

"अर्जुना सुतार कोरतो. बेंदराचे बैल रंगवणारी रंगूबाई कुंभारीण आहे. आणि जोतिबा रंगारी."

"चित्रात काय असंल?"

"मधोमध आपण. काहिलीत उभे. लोकांना भाकरी वाटताहात."

पुरात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ कढवायची ती मोठी कढई, नावेसारखी फिरली होती हे खरं. ती भाऊसो कोळ्यानं फिरवली होती. लालासाहेब तेव्हा मारुतीच्या शिखराला धरून बसले होते, आणि शिखर उंच असल्यामुळं ते सगळ्यांना दिसलेही होते. पण चित्र म्हटलं की थोडं इकडंतिकडं होणारच.

"कामाला लागा," लालासाहेब म्हणाले. "जनतेचं काम हाय."

कागदाची टंचाई होती. चावडीच्या माळ्यावर पलटणीत भरती होण्याची जाहिरात करणारे दोनेकशे मोठे कागद गुंडाळून पडले होते. त्यांच्यावर एक मिशीवाला शिपाई हसत होता. पाठी कोऱ्या होत्या. पूर त्या शिपायाच्या पाठीवर छापायचं ठरलं.

लाकडाची त्याहून मोठी. एवढी रुंद, एकसंध फळी आणायची कुठून? अर्जुना सुतारानं गावभर नजर फिरवली आणि ती एकाच ठिकाणी थांबली.

"जोतिबा," तो देवळात येऊन म्हणाला, "तुझं दार हाय न्हवं."

जोतिबानं हातातला हत्ती खाली ठेवला. "हाय."

"घर काय आता न्हाई. नुसतं दार काय करायचं?"

दुपारी दोघांनी चौकटीतून दार काढून देवळात आणलं. दीड हात रुंदीची जुनी सागवानी फळी, आतून हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेली, बाहेरून उन्हापावसानं खरबरीत. अर्जुनानं ती गुळगुळीत बाजू वर करून टाकली. खालून कडी लागली आणि फळी डुगडुगली.

"कडी उपटतो."

"ऱ्हाऊ दे."

"आरं, डुगडुगती."

"खाली पोतं घाल," जोतिबा म्हणाला.

*

मास्तरांनी तीन दिवस चित्र काढलं. घाटावर उभं राहून खाली वाहत्या पाण्याकडं बघितलं की पिंपळबेट उजव्या हाताला आणि पलीकडं डाव्या हाताला दरडीवर उंबरवडे. तशीच नदी त्यांनी कागदावर आणली. मधे काहील, काहिलीत लालासाहेब, उजवा हात पुढं, हातात भाकरी. भाकरी जात्याएवढी झाली होती, पण लालासाहेबांनी ती कमी करू दिली नाही.

रंगूबाई काजळी आणि डिंक खलत बसली होती. ती उंबरवड्याची, बनुबाईच्याच माहेरची, त्यामुळं जोतिबाला दाजी म्हणायची. तिनं बराच वेळ चित्राकडं बघितलं.

"मास्तर, ह्यात बनू कुठं हाय?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "हे प्रातिनिधिक चित्र आहे, रंगूबाई. विशिष्ट माणसं नाहीत यात."

"मग पाटील काय इशिष्ट न्हाईत?"

अर्जुनाला ठसका लागला. मास्तर जोतिबाकडं वळले. "तुमचं काय म्हणणं?"

जोतिबाला आयुष्यात फारसं कुणी म्हणणं विचारलं नव्हतं. तो फळीकडं बघत राहिला. "ऱ्हाऊ दे की तिला," शेवटी म्हणाला. "घरावर बसल्याली. लय जागा नगं. आंगठ्याएवढी."

"ठीक आहे. सांगा, कशी दिसायची?"

तोंड उघडल्यावर जोतिबाच्या लक्षात आलं की आपल्याला सांगता येत नाही. नाक होतं. डोळे होते. बनुबाईचा फोटो नव्हता. फोटो काढावा अशी ती कुणी लागून गेली नव्हती. अठ्ठावीस वर्षं तो जाजमाकडं बघत आला होता आणि ती त्याच्या पलीकडच्या अंगाला कापड ताणून धरून उभी असायची. तिचे हात त्यानं कुठंही ओळखले असते.

"नाकात... हे असायचं," तो म्हणाला आणि थांबला.

रंगूबाई उठली. काजळीत बोट बुडवलं आणि मास्तर नको नको म्हणेपर्यंत कागदावरच्या घराच्या आढ्यावर पाच-सहा रेघा ओढल्या, बैलाच्या वशिंडावर ओढते तशा, न थांबता. एक पाय दुमडलेला, पदर खोचलेला, मान थोडी खाली, भाकरी फुगते का बघत असल्यासारखी.

मास्तरांनी आपली दोन सर्टिफिकिटं मनातल्या मनात घडी घालून ठेवली.

"व्हय," जोतिबा म्हणाला. "अशीच बसायची."

*

कोरायला बारा दिवस लागले. चित्र फळीवर खळीनं डकवलं आणि कागदासकट कोरायला घेतलं. लालासाहेब आणि काहील अर्जुनाकडं, पाणी आणि घरं जोतिबाकडं. बनुबाई त्यानं शेवटाला ठेवली. एकेक रेघ अशी सोडवली की अर्जुना म्हणाला, "जित्त्या माणसाच्या पायातला काटा काढतूयास जणू." पटाशीवर मोगरीचा घाव बसला की खाली पोत्यात कडी वाजायची. घाव, कडी. घाव, कडी. जोतिबानं पोत्याखाली आणखी एक पोतं घातलं. तरी वाजायची, फक्त आतून आल्यासारखी.

तेराव्या दिवशी फळीला चिंध्यांच्या गादीनं काळा रंग लावला, वर कागद पसरला, चौघांनी तळहातानं दाबला आणि जोतिबानं तो दोन कोपरे धरून सोलला.

आधी अर्जुनाच्या ध्यानात आलं. "मास्तर, पाटील डावरं हायती का हो?"

काहिलीत उभे राहून लालासाहेब पाटील डाव्या हातानं भाकरी वाटत होते.

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मास्तर कागद उलटा धरून बघू लागले, सुलटा धरून बघू लागले. त्यांना वाटलं होतं, रंगारी पिढीजात ठसेवाला, तो चित्र उलटं डकवेल. पण रंगाऱ्यानं चाळीस वर्षं नक्षी जशी हातात आली तशी सरळ डकवली होती. कापडावर ती उलटी उठते हे त्याला ठाऊक होतं. पण कोयरीचं शेपूट उजवीकडं वळलं काय न् डावीकडं, जाजमावर बसणाऱ्याला दोन्ही सारखंच. कोयरी कुणाला भाकरी वाटत नाही.

"माझी चूक," जोतिबा म्हणाला.

"आणखी काडा पाचसा," रंगूबाई डोळे पुसत म्हणाली. "रंग वाया जाईल."

सात कागद निघाले. ते दोरीवर वाळत असताना लालासाहेब आले.

ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग आपला डावा हात वर करून त्याच्याकडं बघितलं, जणू त्यानंच चुगली केली होती.

"ह्या हातानं भाकरी दिली मी? गाव काय म्हणंल? पाटलानं डाव्या हातानं दिलं आन आमी घेतलं?"

"छापताना उलट झालं, लालासाहेब," मास्तर म्हणाले.

"आन ह्ये बगा. घाटावरनं गाव उजव्या हाताला दिसतंय, हितं डाव्या हाताला. म्हंजे पाणी उंबरवड्यात शिरलं. उद्या मामलेदार चित्र बगून फंड तिकडं धाडतील. उंबरवड्याच्या पायरीलासुदिक पाणी लागलं नव्हतं." ते आणखी वाकले. "ही कोण?"

अर्जुनानं जोतिबाकडं बघितलं.

"ही काडा," लालासाहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "जोतिबा, मला काय तुझं दुक्क कळत न्हाई व्हय रं? पर इचार कर. मी काहिलीत भाकऱ्या वाटतूय, आन ही दहा हातांवर घरावर बसलीया. बगणारा काय म्हणंल? काहील हुती तर हिला का न्हाई घेतली?"

लालासाहेबांनी आयुष्यात विचारलेला तो एकच खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना नको होतं.

"फळीची दुसरी बाजू कोरी हाय," ते जाता जाता म्हणाले. "तिच्यावर नीट करा. ह्ये समदं जाळून टाका."

*

दुसऱ्या बाजूवर कोरायचं म्हणजे कडी निघायला हवी. अर्जुनानं फळी पालथी केली आणि कडी धरली. पोत्यानं चेपून ती काळी पडली होती. पक्कड लावता लावता तो थांबला.

"हिच्यावर घाव हायती रं. दगडानं ठोकल्यालं."

जोतिबा रंगाची गादी पिळत होता.

"मी ठोकलं," रंगूबाई म्हणाली.

ती खलबत्त्याकडंच बघत होती. खल थांबला नव्हता.

"पाणी उतरलं तवा मीच पयली गेली. तुमी तापानं पडला हुता. वाटलं, बनूचं काय लुगडंबिगडं घावतंय का बगावं. कडी कोयंड्यात बसल्याली. दार फुगून घट झाली हुती. हातानं निघंना, मग धोंडा घेतला."

अर्जुनानं पक्कड खाली ठेवली. "इडी वडून येतो," म्हणाला आणि गेला. तो विडी ओढत नसे.

"उघडी हुती," जोतिबा म्हणाला. "मी बगितली."

"माझ्या मागनं बगितली तुमी."

बाहेर कुणीतरी गाळ उपसत होतं. फावडं दगडाला लागायचं, थांबायचं, पुन्हा लागायचं.

"तवाच का न्हाई बोलली?"

"काय बोलू, दाजी? मागनं गाव येणार हुतं बगायला. कडी तशीच दिसली आसती तर दुसरा इषय निघाला नसता वरीसभर." तिनं खलातली काजळी बोटानं चाचपली. "मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल. ठावं असल्याल्या माणसाला काय सांगायचं."

जोतिबा आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. अंगठा आणि पहिलं बोट. दिवसातून चारदा, अठ्ठावीस वर्षं. हाताला कधी सांगावं लागलं नव्हतं, आणि त्या दिवशीही लागलं नव्हतं. दीड महिना डोळे एक सांगत होते आणि हात एक, आणि तो डोळ्यांचं ऐकत होता. पाणी चढताना तिनं आतून किती वेळा थाप मारली असेल, काय म्हणून हाक मारली असेल, हे त्यानं आजवर मनात येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं आणि बसलं.

"ठावं हुतं," तो म्हणाला.

रंगूबाई तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं त्यानंच पक्कड उचलली आणि कडी उपटली. दोन खिळे सहज आले, तिसऱ्यानं वेळ लावला.

*

दुसरं चित्र झकास झालं. मास्तरांनी या खेपेला ते उलटं डकवून घेतलं. लालासाहेब उजव्या हातानं वाटत होते, गाव उजव्या काठाला होतं आणि घरावर कुणी नव्हतं. उरलेले सगळे कागद खपले. मामलेदारसाहेबांनी एक कचेरीत लावला आणि भाषणात म्हटलं की पिंपळबेटच्या जनतेनं संकटातही कला सोडली नाही. जोतिबा मागच्या रांगेत उभा होता. त्याच्याकडं बघून शेजारचा म्हणाला, "नाव झालं गड्या तुझं." तो म्हणाला, "व्हय."

आधीचे सात कागद त्यानं रंगाच्या चुलीत घातले. सहा घातले.

सातवा गुंडाळून, धोतराच्या धडप्यात बांधून तो एका सकाळी नावेत बसला आणि उंबरवड्याला गेला. बनुबाईचा थोरला भाऊ नाथाजी पलटणीतून पाय अधू होऊन परतला होता. अंगणात खाटेवर बसून दाव्याला पीळ घालत होता. बहीण गेल्यापासून तो नदी उतरून आला नव्हता.

"या दाजी," तो म्हणाला. सरकला नाही.

जोतिबानं कागद त्याच्या हातात दिला. नाथाजीनं तो उलगडला. आधी वर आला तो मिशीवाला शिपाई. नाथाजीनं त्याच्याकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि कागद पालथा केला.

मग त्याचं बोट घरांवरून फिरत वर आलं आणि आढ्यावर थांबलं.

"ही आमची बनू."

"व्हय."

"आमच्या काठाला कशी?"

"उलटं उठलं," जोतिबा म्हणाला. "माझ्याच हातानं."

नाथाजी बघत राहिला. "हितं असती तर वाचली असती. म्हणायची, आमच्याकडं पाणी चडत न्हाई. पोरपणी तुमच्या गावाला हसायची ती, बेडकांचं गाव म्हणून." त्याचं बोट अजून तिथंच होतं. "तुमच्या घरचं समदं बरं हुतं, दाजी. तिनं कवा तक्रार न्हाई केली."

जोतिबाला इथं थांबता आलं असतं. नावाडी खाली हाका मारत होता. उठायचं, 'येतो' म्हणायचं, मग दर दिवाळीला यायचं, 'या दाजी' ऐकायचं.

"दाराला कडी मी घातल्याली," जोतिबा म्हणाला. "भाइरनं. वलं जाजम हुतं आत. सवयीनं घातली. ती आत हुती."

नाथाजीच्या हातातला कागद हलला नाही. अंगणातली शेळी दोनदा ओरडली. आतून त्याची बायको चहाचा कप घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. नाथाजीनं मान न वळवता हात आडवा केला आणि ती कपासकट आत गेली.

"चित्र ठिवून जा," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "नाव सुटंल, रंगारी."

जोतिबा उठला. अठ्ठावीस वर्षं तो या अंगणात दाजी होता. दरड उतरताना पाय घसरला, तेव्हा वरून कुणी 'सांभाळून' म्हटलं नाही. नावेत बसल्यावर त्यानं एकदा पिंपळबेटाकडं बघितलं आणि एकदा उंबरवड्याकडं. दोन्ही आपापल्या काठाला होती.

*

फंडातून घरं उभी राहिली. जोतिबालाही चार भिंती आणि पत्रे मिळाले. दाराची फळी मात्र मिळाली नाही. मामलेदारांनी तारीफ केल्यापासून ती चावडीची झाली होती. फळीवरचे लालासाहेब तिथं भिंतीशी उभे होते, भाकरीचा हात पुढं. भिंतीच्या बाजूला तोंड करून बनुबाई होती.

दिवाळीनंतर कापड थोडं सुटलं आणि जोतिबानं पहिलं जाजम घातलं. पलीकडचं टोक धरायला कुणी नव्हतं. तिथं त्यानं दोन खुंट्या ठोकल्या. खुंट्या ताणून धरतात, पण ढील द्यायची वेळ त्यांना कळत नाही. कापड दोन ठिकाणी फाटलं.

रंगूबाई मडक्यांचा आवा लावून परतताना चौकटीशी थांबली. आत जमिनीवर कोयऱ्यांचं ओलं जाजम पसरलं होतं.

"दाजी, दार बसवा आता. अर्जुना आंब्याची फळी देतो म्हणतूय. तसाच ठिवलाय व्हय उंबरा?"

"बगू."

"कोंबड्या शिरतील."

"शिरतील," जोतिबा म्हणाला.

ती गेली. तो अंगणात दगडावर बसून ठसा धूत राहिला. थोड्या वेळानं पाटलांची काळी कोंबडी आली. मान वाकडी करून तिनं मोकळ्या चौकटीकडं बघितलं, उंबऱ्यावर चढली आणि आत गेली. जोतिबाचा हात ठशावरून उठला नाही. कोयऱ्यांतून, वेलींतून ती पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं काही टिपलं, काही न टिपण्यासारखं बघितलं, वळली आणि परत बाहेर येऊन अंगण ओलांडून आपल्या वाटेनं निघून गेली.

तो उठून चौकटीत जाऊन उभा राहिला. कापडावर तीन-तीन बोटांची रांग उमटली होती. पावलं आत गेलेली दिसत होती, आणि बाहेर आलेलीही.